नाव कुणाचं लावायचं?

चित्रपटाचं शेवटचं मिक्सिंग संपतं तेव्हा बहुतेक वेळा पहाट झालेली असते. दिग्दर्शकाला सेन्सॉरची तारीख गाठायची असते, निर्मात्याला वितरकाचे फोन येत असतात आणि संगीतकाराच्या डोक्यात पुढचा सिनेमा सुरू झालेला असतो. अशा वेळी स्टुडिओत एक माणूस मागे राहतो, कारण त्याला अजून एक कागद भरायचा असतो. त्या कागदाला क्यू शीट म्हणतात. प्रेक्षकाला तो कधीच दिसत नाही. पण त्या संगीताचे पैसे पुढची अनेक दशकं कुणाच्या घरी जाणार, हे त्यावरच्या नावांवरून ठरतं. हे कागद भरणाऱ्यांपैकी मी एक आहे आणि या कामाबद्दल मला मनापासून बोलायचं आहे.

क्यू शीट दिसायला साधी असते. पहिल्या रकान्यात तुकड्याचा क्रमांक. १एम१ म्हणजे पहिल्या रिळातला पहिला तुकडा, ३एम४ म्हणजे तिसऱ्या रिळातला चौथा. रिळं गेली, सिनेमा हार्ड डिस्कवर आला, तरी हे आकडे अनेक ठिकाणी तसेच टिकून आहेत. पुढे तुकड्याचं नाव, संगीतकार, शब्द असतील तर गीतकार, हक्कांचा मालक आणि तो किती मिनिटं, किती सेकंद वाजतो ते. आणखी एक रकाना वापराचा असतो. संगीत नुसतं मागे वाजतंय, की पडद्यावरचं पात्र गातंय, की ते शीर्षकसंगीत आहे? नायिका भाजी निवडताना एखादी जुनी ओळ गुणगुणली तर त्याचीही नोंद होते. टपरीवरच्या रेडिओत दहा सेकंद गाणं वाजलं तर त्याचीही. सिनेमा वाहिनीवर लागला की वाहिनीकडून संगीताच्या वापराचे पैसे हक्क सांभाळणाऱ्या सोसायटीकडे जातात आणि सोसायटी या नोंदी पाहून वाटप करते. शीटच नसेल तर पैसे येतात, पण कुणाचे ते कळत नाही.

गाण्यांची नोंद सहसा चुकत नाही, कारण गाण्यांमागे म्युझिक कंपनी असते आणि तिला स्वतःचा वाटा हवा असतो. चुकतं ते पार्श्वसंगीत. एखाद्या सिनेमात चार गाणी मिळून वीस मिनिटं होतात आणि पार्श्वसंगीत तासभर वाजतं. त्या तासाभरासाठी भांडायला बहुतेकदा कुणी नसतं.

या कागदाची ताकद कुठवर जाते, हे सांगायला आमच्या धंद्यात एक अमेरिकन किस्सा नेहमी सांगितला जातो. अलेक्झांडर करेज यांनी ‘स्टार ट्रेक’ या मालिकेचं शीर्षकसंगीत केलं. त्याला शब्द नव्हते. पण मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी करेज यांच्याबरोबरच्या करारात एक तरतूद करून ठेवली होती. या चालीवर शब्द लिहिण्याचा अधिकार रॉडनबेरींकडे राहील, अशी. मालिका १९६६ मध्ये सुरू झाली, लोकांना आवडू लागली आणि रॉडनबेरींनी खरोखरच शब्द लिहिले. ते कुणी गावेत असा बेतच नव्हता. मालिकेत ते कधीच वाजले नाहीत. नोंदणीच्या कागदावर मात्र गीतकार म्हणून रॉडनबेरींचं नाव चढलं आणि ती चाल जिथे वाजेल तिथली निम्मी रक्कम त्यांच्याकडे वळली. करेज यांनी तक्रार केली, पण करारावर सही त्यांचीच होती. कायद्याने हे बसतं, नीतीने बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पूर्णपणे पटतं. ज्या माणसाने सूर लावला नाही, त्याने फक्त एक रकाना मोकळा आहे हे ओळखून निम्मा वाटा न्यावा, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

शब्द न वाजताही पैसे मिळाल्याचा दुसरा किस्सा मात्र सरळ आहे. ‘मॅश’ या १९७० च्या चित्रपटात दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन यांना एका प्रसंगासाठी मुद्दाम बावळट वाटेल असं गाणं हवं होतं. स्वतःला तसं जमेना, म्हणून त्यांनी ते काम आपल्या किशोरवयीन मुलाला, माइकला दिलं. चाल जॉनी मँडेल यांची. पुढे १९७२ मध्ये त्याच नावाची मालिका आली आणि १९८३ पर्यंत चालली. मालिकेत ही चाल फक्त वाद्यांवर वाजायची, शब्द नसायचे. तरी नोंदणीत गीतकार म्हणून माइकचं नाव होतं. चित्रपट दिग्दर्शित करण्याचे आपल्याला सुमारे ७०,००० डॉलर मिळाले आणि गाणं लिहिणाऱ्या मुलाने दहा लाखांहून जास्त कमावले, हे वडिलांनी नंतर टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगितलं. या मुलाने काही लबाडी केली नव्हती. त्याने काम केलं होतं आणि त्याचं नाव वेळेवर, योग्य जागी लिहिलं गेलं होतं.

तिसरा किस्सा मला सर्वांत जास्त लागतो. १९६३ मध्ये बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ सुरू झाली. तिचं शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांचं. त्यांनी एका कागदावर चाल आणि काही सूचना लिहून दिल्या. इथे वाऱ्यासारखा आवाज, इथे ढगासारखा, अशा. तो कागद बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बिशर यांच्या हातात आला. बाजारात सिंथेसायझर मिळत नव्हता. डर्बिशर यांनी यंत्रं तपासण्यासाठी वापरतात त्या ऑसिलेटरचे आवाज आणि एका ताणलेल्या तारेचा झंकार टेपवर घेतला. मग एकेका सुरासाठी टेप कापली, लांबी मोजली, तुकडे चिकटवले आणि थरावर थर चढवले. तयार झालेलं ऐकल्यावर, हे खरंच मी लिहिलं का, असा प्रश्न ग्रेनर यांना पडला. डर्बिशर यांचं नाव सहसंगीतकार म्हणून लागावं, त्यांना वाटा मिळावा, अशी त्यांची इच्छा होती आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला. पण डर्बिशर बीबीसीच्या नोकरीत होत्या. वर्कशॉपमधल्या माणसांची नावं द्यायची नाहीत, विभागाचं द्यायचं, असा तिथला शिरस्ता होता. मालिका दशकानुदशकं जगभर वाजत राहिली. डर्बिशर २००१ मध्ये गेल्या. पडद्यावर त्यांचं नाव आलं २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षाच्या खास भागात.

ग्रेनर यांचा मोठेपणा मला महत्त्वाचा वाटतो. पण मन मोठं असूनही ते हरले, कारण अर्जात त्या कामासाठी जागाच नव्हती. आवाज घडवणाऱ्याला काय म्हणायचं, संगीतकार की तंत्रज्ञ, हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

आपल्याकडे हा प्रश्न दादर, ताडदेव आणि महालक्ष्मीच्या ध्वनिमुद्रणगृहांत कितीतरी वर्षं रोज उभा होता. हिंदी चित्रपटांचे बहुतेक संगीतकार पेटीवर चाल बांधायचे. साठ-सत्तर वादकांच्या ताफ्यासाठी ती चाल पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवणारे, मधले तुकडे रचणारे, गाण्याच्या मागून व्हायोलिनची समांतर ओळ चालवणारे अरेंजर पुष्कळदा गोव्याचे असत. सेबॅस्टियन डिसूझा फाळणीनंतर लाहोरहून मुंबईत आले आणि शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांना त्यांनी जो भरलेला नाद दिला तो आज आपण डोळे मिटून ओळखतो. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांबरोबर होते. ‘अलबेला’च्या संगीतातली ट्रम्पेटची चमक त्यांची. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. या माणसांनी पेन्सिलीने लिहिलेले कागद वादकांच्या स्टँडवर लागायचे, ध्वनिमुद्रण झालं की गोळा व्हायचे आणि मग त्यांचं काय व्हायचं ते विचारू नये. मोबदला शिफ्टवर मिळायचा. श्रेयनामावलीत कधी ‘सहायक’ म्हणून नाव लागायचं, बऱ्याचदा तेही नाही.

यातली सर्वांत विलक्षण बाब कायद्यात होती. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात संगीतकृतीची जी व्याख्या होती, तिच्याप्रमाणे स्वररचना छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे चिन्हांत उतरवलेली असणं आवश्यक होतं. पेटीवर बांधून तोंडी शिकवलेली चाल या व्याख्येत बसत नव्हती. ज्या देशात बंदिशी गळ्यातून गळ्यात जातात, त्या देशाचा हा कायदा. म्हणजे शब्दशः पाहिलं तर, कायद्याला अभिप्रेत असलेला तो कागद तयार करणारा माणूस गोव्याचा अरेंजर होता आणि हक्कांच्या हिशेबात त्याचं नाव कुठेही नव्हतं. ही व्याख्या १९९४ च्या दुरुस्तीने बदलली. तोवर सेबॅस्टियन गोव्यात परतून निवृत्त झालेले होते.

१९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आणि ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन यांचा खटला आला. ही सोसायटी, आपण तिला आयपीआरएस म्हणतो, १९६९ पासून गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी मागत होती. चित्रपट-उद्योगाचं म्हणणं होतं की आम्ही पैसे देऊन संगीत करून घेतलं, वेगळा करार नसेल तर मालक आम्ही. न्यायालयाने निर्मात्यांचं म्हणणं मान्य केलं. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडलं. भारतीय संगीताचा प्राण गळ्यात असतो, पण कायदा संरक्षण देतो ते लिहिलेल्या स्वरांना, गाणाऱ्याला देत नाही. संसदेने याचा विचार करावा, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी ‘अमर अकबर अँथनी’ प्रदर्शित झाला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं संगीत होतं, आणि प्यारेलाल यांच्या गुरूंचं नाव त्यातल्या एका गाण्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचलं. अँथनी गोन्साल्विस नावाचा खरा माणूस आहे, हे मात्र ते गाणं गुणगुणणाऱ्या फार थोड्यांना माहीत होतं.

संसदेने विचार केला तो ३५ वर्षांनी. २०१० मध्ये राज्यसभेवर नियुक्त झालेले जावेद अख्तर यांनी हा विषय तडीस नेला आणि २०१२ ची दुरुस्ती झाली. त्यानंतर चित्रपटासाठी काम करणाऱ्या गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा आपला समान वाटा सोडूनच देता येत नाही. सही केली तरी ते कलम चालत नाही. करेज यांच्यासारख्याला जे संरक्षण हवं होतं त्याच्या जवळ जाणारं हे कलम आहे. फक्त एक जागा वगळली आहे, चित्रपटगृह. सिनेमा थिएटरमध्ये दाखवताना वाजणाऱ्या संगीताला हा वाटा लागू नाही. टीव्ही, रेडिओ, इंटरनेट, हॉटेल, विमान या सगळ्याला लागू आहे. अमेरिकेतही थिएटरवाले संगीतकारांना असे पैसे देत नाहीत. तिथे १९४८ च्या एका न्यायालयीन निर्णयापासून ते बंद झालं. युरोपातल्या थिएटरांत मात्र तोच सिनेमा लागला तर मिळतात. म्हणून हॉलीवूडचे संगीतकार परदेशातल्या हिशेबाकडे डोळे लावून बसतात.

कायदा झाला, तरी पैसा पोहोचायला नाव जुळावं लागतं, आणि नावांचा गुंता आपल्याकडे मोठा आहे. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर घ्या. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र. गायक म्हणून चितळकर. काही चित्रपटांत राम चितळकर, काहींत अण्णासाहेब, एका ठिकाणी श्यामू. रसिकाला हे कौतुकाचं वाटतं. संगणकाला ही पाच वेगळी माणसं वाटतात. लता मंगेशकरांनी भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत दिलं ते ‘आनंदघन’ या नावाने. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा समारंभात आनंदघन हे नाव पुकारलं गेलं, आणि ते कोण हे तिथे जाहीर झालं. त्याआधी १९४९ च्या ‘महल’च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. आवाज कुणाचा हे श्रोत्यांनी आकाशवाणीला पत्रं पाठवून विचारलं, तेव्हा कंपनीकडून लताबाईंचं नाव मिळवून ते सांगण्यात आलं.

आज यावर उपाय आहे. जगभरच्या सोसायट्या प्रत्येक सभासदाला आयपीआय क्रमांक देतात. टोपणनावाला वेगळा क्रमांक मिळतो, पण सगळे क्रमांक आतून एकाच माणसाला जोडलेले असतात. रचनेला आयएसडब्ल्यूसी हा सांकेतिक क्रमांक, ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा वेगळा. हे दोन निराळे, याचा घोळ नव्या मुलांचा नेहमी होतो. गाणं वितरकामार्फत ऑनलाइन चढवताना आयएसआरसी मिळतो आणि त्यांना वाटतं नोंदणी झाली. ती ध्वनिमुद्रणाची झाली. चालीची नोंद सोसायटीकडे वेगळी करावी लागते आणि ती दुसरं कुणी आपोआप करत नाही.

मालिकांचं जग आणखी वेगळं. रोजच्या मालिकेत संगीतकार भागागणिक संगीत करत नाही. सुरुवातीला तो तुकड्यांचा साठा देतो. रडण्याचे, भीतीचे, लग्नघराचे, कारस्थानाचे. पुढे म्युझिक एडिटर रोज त्यातून उचलून लावत जातो. फायलींची नावं असतात ‘सॅड ३’, ‘टेन्शन लाँग’, ‘शॉक नवीन’. वर्षभराने संगीतकार बदलतो, नवा आपला साठा आणतो, त्यातही एक ‘सॅड ३’ असतो. सहाशेव्या भागाच्या शीटवर ‘सॅड ३’ लिहिलेलं असतं आणि ते कुणाचं, हे एडिटरच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहतं. माझ्या ओळखीच्या एका पार्श्वसंगीतकाराने यावर छान युक्ती काढली. तो तुकड्यांना गावांची नावं देतो. रडण्याचे सगळे कोकणातले, भांडणाचे घाटावरचे. फाइलच्या नावात त्याचं आडनाव आणि वर्षही असतं. त्याचा ‘राजापूर’ तीन मालिकांत वाजला आणि तिन्ही शीटवर बरोबर सापडला. मी प्रत्येक नव्या संगीतकाराला आता हेच सांगतो. तुकडा तयार होतो त्या दिवशी त्याचं नाव ठेवा, लांबी लिहा, सोबत कुणी रचलं असेल तर वाटा तिथेच ठरवा आणि दोघांनी सही करा. दोस्ती ताजी असते तेव्हा हे पाच मिनिटांत होतं.

डॅनी एल्फमन यांचं उदाहरणही मी देतो. ‘द सिम्पसन्स’चं शीर्षकसंगीत त्यांचं. सुरुवातीला मालिकेचं नाव कोरसमध्ये गायलं जातं, त्या कोरसमधला एक आवाज त्यांचाच. गायक म्हणूनही नोंद झाल्यामुळे कलाकारांच्या संघटनेकडून मोबदला येत राहिला आणि त्यावर त्यांचा आरोग्यविमा वर्षानुवर्षं चालू राहिला, असं त्यांनी सांगितलं आहे. त्या दोन-तीन सेकंदांची नोंद कुणीतरी काळजीने केली होती.

आणि वारसांचा विषय. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो. वसंत देसाई १९७५ मध्ये गेले, म्हणजे २०३५ च्या अखेरीपर्यंत. सी. रामचंद्र १९८२ मध्ये गेले, २०४२ पर्यंत. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, २०६२ पर्यंत. हे हक्क कुणाकडे, हे जुन्या करारांवर ठरतं आणि ते वाद सोपे नाहीत. पण वारसांना आयपीआरएसचं सभासद होता येतं. २०१७ मध्ये तिची सोसायटी म्हणून पुन्हा नोंदणी झाली. वारस दारात गेले की पहिली विचारणा हीच होते की कामांची यादी द्या. मोठ्या नावांची यादी अभ्यासकांनी केलेली असते. दोन-तीन मराठी चित्रपट आणि काही माहितीपट करून विस्मरणात गेलेल्या संगीतकाराच्या मुलीकडे ती नसते. मग आम्ही रेकॉर्डची लेबलं शोधतो, जुन्या जाहिराती पाहतो आणि सर्वांत उपयोगी पडते ती थिएटरबाहेर विकली जाणारी गाण्यांची चोपडी. तिच्या आतल्या पानावर संगीत कुणाचं, गीतं कुणाची, कधी कधी पार्श्वसंगीत कुणाचं हेही छापलेलं असतं. कोल्हापूर, पुणे, सांगलीच्या घरांत अशा चोपड्या अजून आहेत. तुमच्याकडे असतील तर श्रेयनामावलीच्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि त्या संगीतकाराच्या घरच्यांचा ठावठिकाणा माहीत असेल तर त्यांना पाठवा.